सड्याचा कंदील, कड्याची चांदणी

साताऱ्याच्या एसटी स्टँडवर सकाळी उभं राहिलं की दोन पाट्या नजरेला पडतात. एक बामणोलीची, दुसरी सज्जनगडाची. पहिली गाडी यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारावरून पुढे जाते. दुसरी परळीच्या खोऱ्याकडे वळते आणि गडाच्या पायथ्याशी सोडते. भाद्रपदात मी या दोन्ही गाड्या ओळीनं दोन दिवस धरल्या, कारण मला दोन झाडं पाहायची होती. एक सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, गवतात वीतभर उंचीनं उभं असतं, दुसरं कड्यावर लोंबकळतं. एकाचं फूल आकाशकंदिलासारखं, दुसऱ्याचं पाच टोकांच्या चांदणीसारखं. शेजारी ठेवली तर ही एकमेकांची कुणी लागत असतील असं कुणाच्या मनातही येणार नाही. तरीही ती जवळची भावंडं आहेत, आणि आता काही अभ्यासकांच्या मते तर एकाच प्रजातीतली.

कासच्या झाडाला तिथले लोक सोमाडा म्हणतात. शास्त्रीय नाव सेरोपेजिया जैनी. सेरोपेजिया म्हणजे आपल्या खरचुड्या किंवा कंदीलपुष्पं. सज्जनगडाच्या झाडाचं जुनं मराठी नाव शिंदळ माकुडी, शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. अलीकडे तिला शिवसुमन म्हणतात, कारण ती शिवनेरीच्या कड्यावर आहे. नवं नाव गोड आहे आणि ते रुजतंय, याचा मला आनंद आहे. पण जुनंही विसरू नये असं वाटतं. माकुडी म्हणजे माकडशिंगी, माळावर उगवणारी, पानं जवळजवळ नसलेली, चौकोनी मांसल खोडाची वनस्पती. गुराखी तिचं खोड कच्चंच खातात. शिंदळ हा शब्द शिवीच्या अंगानं जाणारा. अंगावर हिरवी पानं लेवून माकुडीच्या गोतावळ्यात वावरणारी ही फसवी, असं काहीतरी मला त्यात ऐकू येतं. ते खरं असो वा नसो, ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं झाड नीट पाहिलं होतं एवढं नक्की. कारण पानं हेच तिचं वेगळेपण. तिच्या जवळच्या साऱ्या मांसल नातलगांनी पानं टाकून दिली, नावापुरते खवले ठेवले. हिनं ती पावसाळ्यापुरती जपली.

कासला मी पोचलो तेव्हा धुकं होतं. तेरड्याचा गुलाबी आणि सीतेच्या आसवांचा निळा रंग पठारभर पसरला होता, मधून गेंदाची पांढरी बटणं. लोक याच रंगांसाठी येतात आणि यावंच. पण सोमाडा या गालिच्यात दिसत नाही. त्याला शोधायला ओणवं व्हावं लागतं. पठारावर राखणीचं काम करणाऱ्या एका मामांनी मला पायवाटेच्या कडेला थांबवलं आणि गवताच्या एका झुबक्याकडे काठीनं नुसता इशारा केला. मला गवतच दिसत होतं. त्यांनी दुसऱ्यांदा दाखवलं तेव्हा गवताच्या पात्यांपैकी एक पातं पातं नव्हतं, हे लक्षात आलं. अरुंद, लांबट पानं, सरळ उभा दांडा, आणि पानाच्या बेचक्यात जांभळट छटेचं, बोटाच्या पेराएवढं एक फूल.

मी वाटेवरच पालथा झालो आणि भिंग लावलं. बुडाशी फुगीर पोट, वर निमुळती होत गेलेली नळी, नळीच्या तोंडाशी पाकळ्यांची टोकं. उजेडाच्या दिशेनं डोकं वळवलं तर फुगीर भागाची भिंत पातळ, जवळजवळ पारदर्शक दिसते. त्या भिंतीमागे एक ठिपका हलत होता. काही वेळ मला तो दवाचा थेंब वाटला. मग त्याला पाय असल्याचं दिसलं. दोन-तीन मिलिमीटरची माशी आत होती.

ही माशी तिथे अपघातानं पडलेली नाही. खरचुडीचं फूल हा तिच्यासाठी लावलेला सापळा आहे, पण मारण्यासाठी नाही, काही काळ थांबवून ठेवण्यासाठी. पाकळ्यांच्या टोकांतून वास सुटतो. वासानं आलेली माशी नळीच्या तोंडाशी बसते आणि गुळगुळीत भिंतीवरून आत घसरते. नळीत केस असतात, ते खालच्या बाजूला कललेले, त्यामुळे आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. तळाशी ती अंधारात बावरू नये म्हणून, जणू खिडकी ठेवल्यासारखा, पुंकेसर आणि स्त्रीकेसर असलेल्या भागाभोवती पातळ भिंतीतून उजेड येतो. माशी उजेडाकडे धडपडते. धडपडीत तिच्या सोंडेला परागांचा एक पुंजका चिमट्यासारखा अडकतो. मग फूल कोमेजायला लागतं, केस सुकून आखडतात, नळी कलते आणि वाट मोकळी होते. माशी सुटते, दुसऱ्या फुलात पुन्हा फसते, आणि पहिल्या फुलाचे पराग तिथे सोडते. हे सगळं त्या पेराएवढ्या नळीत चालतं, आणि बाजूने माणसं सेल्फी काढत जात असतात.

परागांचे असे चिकट पुंजके ही या कुळाची खूण. आपल्याला ती ओळखीची आहे, फक्त आपण तिकडे पाहत नाही. रुईच्या फुलात हेच असतं. रुईच्या जोडशेंगा उन्हाळ्यात तडकतात आणि त्यातून रेशमी शेंडीचं बी वाऱ्यावर उडतं. लहानपणी आम्ही त्यालाच म्हातारी म्हणायचो. खरचुडी आणि शिंदळ माकुडी, दोघींच्या शेंगाही अशाच जोडीनं येतात आणि दोघींचं बीही असंच शेंडी लावून उडतं. पूर्वी या सगळ्यांचं कुळ वेगळं मानलं जाई, ॲस्क्लेपिएडेसी, म्हणजे रुईचं कुळ. गेल्या काही दशकांत डीएनएच्या अभ्यासानं ते घर मोडलं आणि सगळी मंडळी ॲपोसायनेसीत, म्हणजे कण्हेर-सदाफुलीच्या मोठ्या वाड्यात राहायला गेली. सज्जनगड चढताना मारुतीसाठी रुईच्या पानांची माळ घेऊन जाणारी माणसं दिसतात. त्या माळेची एक चुलत बहीण गडाच्या कड्यावर लोंबते, हे ठाऊक असलं की पायऱ्या चढताना मान आपोआप बाजूला वळते.

शिंदळ माकुडीला नाव देणारा निकोल अलेक्झांडर डॅलझेल हा स्कॉटिश माणूस, मुंबई इलाख्याच्या वनखात्यातला अधिकारी. अलेक्झांडर गिब्सनबरोबर त्यानं १८६१ मध्ये मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर एक ग्रंथ काढला होता. त्यानंतर थोड्याच वर्षांत जुन्नरच्या डोंगरातून ही वनस्पती त्याच्या हाती आली. तेव्हा सर बार्टल फ्रेअर मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या नावानं डॅलझेलनं एक अख्खी प्रजातीच उभी केली, फ्रेरिया, आणि तिच्यात सदस्य एकच, इंडिका. पुढे सगळी अदलाबदल सुरू झाली. १९५८ मध्ये गॉर्डन रोलीनं तिला कॅरालुमा प्रजातीत, म्हणजे माकडशिंगीच्या घरात नेलं. तिथे इंडिका नावाची दुसरी वनस्पती आधीच होती, म्हणून हिला फ्रेरी म्हटलं गेलं. प्रजातीचं नाव असं जातीच्या नावात उतरलं. नंतर काहींनी तिला बौसेरोसियात ठेवलं. आणि २०१७ मध्ये पीटर ब्रुइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वंशावळीचा आधार घेऊन या साऱ्या मांसल मंडळींना सरसकट सेरोपेजियात घातलं. दोनशेच्या आसपास जातींची सेरोपेजिया त्यामुळे सातशेच्या वर गेली. सगळ्या तज्ज्ञांना हे मान्य नाही. पण त्यामागचा युक्तिवाद पटण्यासारखा आहे. मांसल खोडांचा हा फाटा खरचुड्यांच्या वंशवेलीच्या आतच फुटलेला आहे. खरचुड्यांना एक प्रजाती म्हणायचं तर त्यातून फुटलेल्या लेकींना बाहेर कसं ठेवणार?

गावाकडच्या माणसानं मात्र शिंदळ माकुडी म्हणताना तिला केव्हाच माकडशिंगीच्या नात्यात बसवलं होतं. रोलीच्या कितीतरी आधी.

सोमाड्याची गोष्ट फार अलीकडची. एम. वाय. अन्सारी आणि बी. जी. कुलकर्णी या दोघांनी १९८० मध्ये तो शास्त्राला नवीन म्हणून मांडला. अन्सारी हे खरचुड्यांचे मोठे अभ्यासक. भारतीय सेरोपेजियांवर त्यांनी १९८४ मध्ये स्वतंत्र पुस्तिका लिहिली. जैनी हे नाव भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे त्या वेळचे संचालक, लोकवनस्पतिशास्त्राचा आपल्याकडे पाया घालणारे एस. के. जैन यांच्यावरून. म्हणजे एका वनस्पतीला गव्हर्नरचं नाव मिळालं, दुसरीला शंभराहून अधिक वर्षांनी एका भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञाचं. आणि २०२३ मध्ये विशाळगडावरून जी नवी खरचुडी नोंदली गेली, तिला शिवरायांचं नाव दिलं, सेरोपेजिया शिवरायियाना. कोल्हापूरच्या संशोधकांचं हे काम. नावांच्या या ओळीतून सह्याद्रीकडे कोण कोणत्या नजरेनं पाहत आलं, हे मला दिसतं.

दुसऱ्या दिवशी सज्जनगड. समर्थांची समाधी या गडावर आहे, १६८२ पासून. दर्शनाची रांग, महाप्रसादाची वेळ, हे सगळं सांभाळून मी गडाच्या कडेनं दुर्बीण घेऊन फिरलो. नेमक्या कोणत्या बाजूला, हे लिहिणार नाही. शौकीन लोक दुर्मीळ झाडं उपटून नेतात, आणि छापलेली खूण पुसता येत नाही. कातळाच्या एका आडव्या भेगेतून बोटाएवढी जाड, राखी हिरवी खोडं खाली लोंबत होती. त्यांवर लांबटगोल, जाडसर पानं. आणि तिथे मखमली किरमिजी रंगाची फुलं, रुपयाच्या नाण्याएवढी, पाच टोकांची, वर पिवळे ठिपके-पट्टे. एका झाडाच्या फुलावरची पिवळी नक्षी दुसऱ्या झाडासारखी नसते. दुर्बिणीतून मला तीन जुड्या दिसल्या आणि तिन्हींची नक्षी वेगळी होती. इथे नळी नाही, केस नाहीत, कोंडणं नाही. फूल सताड उघडं. इथेही माश्याच येतात, पण बसतात आणि उडून जातात. खरचुडी पाहुण्याला घरात घेऊन दार लावते, ही ओट्यावरच पाहुणचार करते.

दोघींच्या घरांची गोष्ट त्यांच्या फुलांहूनही मला जास्त गुंतवते. कासचं पठार म्हणजे बेसॉल्टच्या डोंगरावर जांभ्या दगडाची टोपी. माती कुठे इंचभर, कुठे तेवढीही नाही. जून ते सप्टेंबर पाणी इतकं की खळग्यांत तळी होतात, आणि वायतुरासारखी, शास्त्रीय नावातच सातारा असलेली पाणवनस्पती तिथे फुलते. ऑक्टोबर सरला की हाच सडा तव्यासारखा तापू लागतो. सज्जनगडाचा कडा म्हणजे उभा काळा बेसॉल्ट. तिथे पावसातही पाणी थांबत नाही, ओघळून जातं. दोन्ही जागी चार महिने ओल, आठ महिने कोरड. या आठ महिन्यांचं काय करायचं, या एका प्रश्नाला दोन भावंडांनी दोन उत्तरं काढली.

सोमाडा जमिनीखाली जातो. त्याचा छोटा कंद दगडाच्या फटीतल्या मातीत दडून बसतो. वरचं सगळं वाळून गवताबरोबर उडून जातं. नोव्हेंबरात तिथे तो आहे असं सांगायलाही खूण उरत नाही. शिंदळ माकुडी जागेवरच थांबते, पाणी खोडात साठवते आणि पानं गाळते. तिच्या श्वासातही दोन तऱ्हा आहेत. १९७७ मध्ये लांगे आणि झुबर या जर्मन संशोधकांनी दाखवलं की तिची पानं बहुतेक झाडांसारखी दिवसा कार्बन डायऑक्साइड घेतात, तर खोड निवडुंगासारखं रात्री, हवा गार असताना. पावसात पानांच्या जोरावर भराभर वाढायचं, कोरडीत पानं सोडून रात्रीच्या श्वासावर तग धरायची. एकाच झाडात दोन हंगामांसाठी दोन वेगळी यंत्रं. हे वाचल्यापासून कड्यावरची ती राखी खोडं मला निर्जीव दिसेनाशी झाली.

आता प्रश्न यांच्या भवितव्याचा. इथे दोघींच्या वाटा उलट्या जातात.

शिंदळ माकुडी फक्त महाराष्ट्रात आहे. शिवनेरी, जुन्नरचा परिसर, पुरंदरजवळचा वज्रगड, रंधा धबधब्याकडचा भाग, सज्जनगड, अशा मोजक्या कड्यांवर. आययूसीएनच्या जाती बचाव आयोगानं एके काळी जगातल्या बारा अति संकटग्रस्त वनस्पतींत तिचं नाव घातलं होतं. आणि तरी ती जगभरच्या मांसल वनस्पतींच्या शौकिनांकडे कुंडीत वाढते. खोडाचा तुकडा रेतीत खोचला की मुळं धरतो. युरोप-अमेरिकेतल्या काचघरांत ती आहे, आपल्याकडच्या ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळांतही ती वाढवली गेली आहे. म्हणजे झाड म्हणून ती नाहीशी होणं आता अवघड. पण कुंडीतल्या शंभर रोपांची मूळ फांदी एकच असू शकते. माझ्या दुर्बिणीतल्या तीन जुड्यांची तीन वेगळी नक्षी कुंडीतून परत मिळत नाही. तो वेगळेपणा कड्यावर बीजातून येतो, आणि त्यासाठी कडा लागतो, माशी लागते, वारा लागतो.

कड्यानंच तिला आजवर राखलं. शेळी पोचत नाही, वणवा फार वर चढत नाही, माणूस तिकडे उतरत नाही. धोका आता कड्याच्या माथ्यावरून येतो. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात शिवनेरी आहे. आनंदाचीच गोष्ट. पण वारसा मिळाला की तटबंदीची सफाई होते, भेगांतला झाडोरा काढणं होतं, रेलिंग आणि दिवे येतात. तटावरची पिंपळाची रोपं काढायलाच हवीत, ती दगड फोडतात. त्याच दोरावरून उतरलेल्या मजुराला मात्र पिंपळाचं रोप आणि शिंदळ माकुडी यांतला फरक आधी दाखवायला हवा. गडावरच्या कामाच्या निविदेत वनस्पतिशास्त्रज्ञासाठी एक ओळ असावी, एवढंच माझं मागणं आहे. गडाचा दगड जितका जुना, तितकीच त्या भेगेतली वस्तीही जुनी.

सोमाड्याचं उलटं. तो कुंडीत सहज होत नाही. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक खरचुड्या वाढवल्या आणि डोंगरात परत लावल्या. पण त्या कामाला वर्षं लागतात. कंद कुजतो, हाताळताना दुखावतो, नेमकी ओल आणि नेमकी कोरड मागतो. आणि त्याचं घर माणसाच्या पायाखाली आहे. कासला २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाचा मान मिळाला. मग गर्दी इतकी वाढली की दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा घालावी लागली. इंचभर मातीवर बूट दाबला की खालचा कंद मरत नाही, पण माती घट्ट होते आणि पुढच्या जूनमध्ये कोंब वर येईलच असं नाही. पठारावर काही वर्षं तारेचं कुंपण होतं, पुढे ते काढलं. गुरांना पूर्ण बंदी झाली की गवत माजतं आणि बुटकी झाडं गुदमरतात, असा अनुभव गावकऱ्यांनी सांगितला. मला राखण करणाऱ्या मामांनीही तेच सांगितलं, त्यांच्या लहानपणी म्हशी सड्यावर चरायच्या आणि कंद खणून खाणारी पोरंही तिथेच असायची. मला त्यांचं म्हणणं पटलं. सड्याचा हा समतोल गुरांच्या खुरांसह घडलेला आहे. ट्रायपॉड घेऊन गवतात लोळणाऱ्यांची त्याला सवय नाही, आणि त्यात त्या दिवशीचा मीही होतो.

साताऱ्याच्या आसपासच्या सड्यांवर, चाळकेवाडीकडे, पवनचक्क्या उभ्या राहिल्या. कोल्हापूरकडच्या सड्यांत बॉक्साइटच्या खाणी झाल्या. नकाशावर सडा पडीक जमीन म्हणून लिहिला जातो, कारण तिथे झाडं नाहीत. जंगल वाचवायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उंच झाडं येतात. वीतभर उंचीचा, वर्षातले आठ महिने न दिसणारा रहिवासी हिशेबात कसा येणार? १९७२ च्या वन्यजीव कायद्यात वनस्पतींना १९९१ मध्ये स्वतंत्र अनुसूची मिळाली. तिच्यात पुढची अनेक वर्षं फक्त सहा नोंदी होत्या. त्यांत महाराष्ट्राच्या कड्यावरचं वा सड्यावरचं एकही नाव नव्हतं. आपल्याकडे संकटग्रस्त वनस्पतींची रेड डेटा बुकं निघाली, तीन खंड, १९८७ ते १९९०. त्यांत खरचुड्या भरपूर आहेत. पुस्तकात नाव असणं आणि जागेवर जेसीबी थांबणं यांच्यातलं अंतर मात्र बामणोलीच्या गाडीनं कापता येत नाही.

एप्रिलमध्ये मी पुन्हा त्याच दोन गाड्या धरल्या. कासला माणूस नव्हता. जांभा इतका तापला होता की पालथं होणं शक्यच नव्हतं. मामा नव्हते, पण त्यांनी काठीनं दाखवलेली जागा मला आठवत होती. तिथे पिवळं कुसळ आणि भेगाळलेली मूठभर माती. मी बाटलीतलं पाणी तिथे ओतायला हात पुढे केला आणि मागे घेतला, कारण अवेळी मिळालेल्या ओलीनं कंद कुजला असता.

सज्जनगडावर दुर्बिणीतून भेग सापडायला वेळ लागला. पानं गळून गेली होती. राखी खोडं सुरकुतली होती, दगडाशी एकरूप झालेली. एका खोडाच्या टोकाशी जोडशेंग तडकलेली होती. माझ्या डोळ्यांदेखत तिच्यातून एक शेंडी सुटली, वाऱ्यावर कड्याबाहेर गेली, थोडा वेळ परळीच्या दरीवर तरंगली आणि उन्हात दिसेनाशी झाली.